दुसऱ्या मजल्यावरच्या वळणाची ओल

आमच्या जिन्यात पाणी कुठून येतं, हे शोधण्यात माझा अख्खा हिवाळा गेला आणि अर्धा उन्हाळाही. शेवटी सापडलं, तेव्हा रागवावं की रडावं हे मला कळलं नाही. अजूनही नीट कळलेलं नाही.

सुरतेच्या गोडादऱ्यातली आमची इमारत चार मजली आहे आणि तिला लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवते, हे सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळतात. सासूबाई धुळ्याकडच्या, ऐंशीच्या पुढच्या, घरात अहिराणीच बोलणाऱ्या. मी साताऱ्याची. लग्न होऊन आले तेव्हा त्या काय बोलतात ते मला कळत नसे आणि मी काय बोलते ते त्यांना आवडत नसे. पुढे मला कळायला लागलं. त्यांना आवडायला लागलं की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सुनेचं कौतुक तोंडावर करायचं नाही, असा त्यांच्याकडचा रिवाज असावा, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

आमचा सगळा जिना खडबडीत कोटा दगडाचा आहे. फक्त तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर उतरताना जे वळण लागतं, तिथली फरशी कुणाचा तरी फ्रीज चढवताना फुटली होती. त्या जागी चौथ्या मजल्यावरच्यांच्या घरात उरलेल्या गुळगुळीत टाइल्स बसवल्या. फुकट मिळाल्या म्हणून सगळे खूश होते. इतक्या चकचकीत की त्यात दिवा दिसायचा.

दिवाळीनंतर काही आठवड्यांनी आमच्या शेजारचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, सकाळी दूध आणायला उतरले आणि त्या वळणावर घसरले. मनगट मोडलं. दुधाची पिशवी फुटून जिनाभर दूध झालं, त्यामुळे आधी पाणी होतं की नव्हतं हे कुणालाच सांगता येईना. ते स्वतः मात्र प्लास्टर घालून आल्यावरही एकच सांगत राहिले, की दूध नंतर सांडलं, आधी खाली ओलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही.

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली. आमचे प्रमुख गुजराती, कापड मार्केटमधले व्यापारी, तळमजल्यावर राहणारे. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. म्हणाले, बेन, तमे तो टीचर छो. आमच्या इमारतीत कुणालाच नको असलेलं काम कुणाच्या गळ्यात घालायचं असलं की हे वाक्य येतं. मतदार यादीच्या वेळी आलं होतं, गणपतीच्या वर्गणीला आलं होतं. आता जिन्यात कुणी पडू नये हे बघायची जबाबदारी माझी झाली. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या वाजल्या.

मी कामाला लागले. एकदा काम अंगावर पडलं की मी ते सोडत नाही, हा माझा गुणही आहे आणि घरच्यांच्या मते दोषही. वळणावर मोठी ट्यूबलाइट लावून घेतली. सुटलेला कठडा वेल्डिंगवाल्याकडून घट्ट करून घेतला. टाइल्सवर काळ्या खरखरीत पट्ट्या चिकटवल्या. गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत ‘सांभाळून उतरा’ अशी पाटी लावली. पाटी भिंतीवर उंच लागली, त्यामुळे लोक पायाखाली बघायचं सोडून मान वर करून ती वाचत उतरायला लागले. मी ती काढून खाली लावली. मग ती कुणाला दिसेना.

एवढं सगळं केल्यावर चौथ्या मजल्यावरची खान्देशी बाई पडली. ती घरी बसून साड्यांना टिकल्या आणि लेस लावायचं काम करते. सकाळी तयार साड्यांचं पोटलं डोक्यावर घेऊन उतरत होती. पोटल्यासकट आडवी झाली, आणि पोटलं पाठीखाली आलं म्हणून वाचली. पाठ मात्र बरेच दिवस धरली होती. दुसऱ्या दिवशी तिने वळणावरच्या कठड्याला लिंबू-मिरची बांधली. मी ती काढून टाकली आणि तिला दोन शब्द सुनावले. हे मी आमच्या दारात उभं राहून बोलले, त्यामुळे सासूबाईंनीही ऐकलं. मी म्हणाले, पडायला नजर लागत नाही, निष्काळजीपणा लागतो. वर्गात बोलते त्याच आवाजात बोलले असणार. सासूबाई आत गेल्या.

त्या बाईनेही तेच सांगितलं, की खाली ओलं होतं. आता मला मानणं भाग होतं. पण ओल यायची कुठून? मी शाळेतून दुपारी येई, तेव्हा टाइल्स कोरड्या ठणठणीत असत. रविवारी सकाळी मात्र ओलं दिसे. सोमवारी शाळेला निघताना परत कोरडं. माझं डोकं चक्रावून गेलं. रविवारीच गळणारी पाइपलाइन मी कधी ऐकली नव्हती.

प्लंबर बोलावला. त्याने भिंत ठोकून बघितली, कान लावला, आणि सांगितलं की या भिंतीतून पाइप जातच नाही. दुसरा बोलावला. त्याने भिंत फोडली. पाइप नव्हताच. मग एक नवीच गोष्ट लक्षात आली. शेजारचे गृहस्थ प्लास्टरचा हात गळ्यात बांधून दारात खुर्ची टाकून बसायचे. ते म्हणाले की महानगरपालिकेचं पाणी सकाळी आलं की त्यानंतरच ओल दिसते. आता आमचा संशय पक्का झाला. पाण्याचा दाब आला की कुठून तरी पाझरतं. कुठून, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. टाकी तपासली, वॉल्व्ह बदलले, शेजारच्यांची मोरी उकरली. ते बिचारे एका हाताने घरातलं सामान हलवत होते.

शेवटी प्रमुख स्वतः पाहणी करायला वर आले. सतत ओल लागून माझी खरखरीत पट्टी एका कडेने सुटली होती. त्यांची चप्पल तिच्यात अडकली आणि ते माझ्यासमोर बसते झाले. लागलं नाही फारसं, पण बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन पोटात घेईल तर बरं असं वाटलं. लोक पडू नयेत म्हणून मी लावलेल्या पट्टीनेच प्रमुख पडले होते.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. ती नाशिकला दिली आहे. पहिलं बाळंतपण, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. आमच्याकडे आखाजीला लेक माहेरी येते, आणि या वेळी ती येऊन बाळंतपण होईपर्यंत राहणार होती. सासूबाईंनी केव्हापासून जुनी लुगडी धुऊन, फाडून, घड्या घालून ठेवली होती. पण जिन्यात माणसं पडतात ही बातमी तिच्या सासरी पोहोचली होती. ती पोहोचवणारी मीच, कारण मी रोज रात्री लेकीला फोनवर सगळं सांगायचे. विहीणबाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात हे असं, मग इकडेच बाळंतपण करूया ना, तुम्हीच इकडे या. लेक नंतर मला एकटीला म्हणाली, “आई, मला तुझ्याकडेच यायचंय. तेवढा जिना नीट कर.”

तेवढा जिना. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले. पोटुशी पोर त्या वळणावर घसरली तर काय होईल, हा विचार एकदा आला की जात नव्हता. तिला आणलं आणि काही झालं तर मी तोंड दाखवायच्या लायकीची उरणार नव्हते. नाही आणलं तर तिचं एवढं एक मागणं मी पुरं करू शकले नाही, असं झालं असतं. आणि अडलं होतं कशावर, तर तळहाताएवढ्या ओलीवर, जी कुठून येते ते माहीत नाही.

मग मी ठरवलं की पाणी पाझरायला लागतं त्याच क्षणी आपण तिथे असायचं. शाळेत रजा टाकली. ह्यांना सांगितलं नाही, कारण ते हसले असते. नेहमीच्या वेळी पर्स घेऊन निघाले, वळण कोरडं आहे हे हात लावून बघितलं आणि खाली पार्किंगमध्ये गाड्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. दूधवाला, पेपरवाला, सगळे माझ्याकडे बघत होते. पाणी आलं. वर घराघरांतून बादल्यांचे आवाज यायला लागले. थोडं थांबले, आणि चप्पल हातात घेऊन, आवाज न करता वर चढले.

वळणावर सासूबाई बसल्या होत्या.

एक हात भिंतीला टेकवून उकिडव्या बसलेल्या. दुसऱ्या हातात तांब्या. त्या रोज सकाळी ताज्या पाण्याचा तांब्या भरून गेटजवळच्या तुळशीला घालायला उतरतात, हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. तांब्या घेऊन उतरणारी म्हातारी ही आमच्या जिन्यातली रोजची गोष्ट होती, म्हणून ती कुणाला दिसतच नव्हती. त्या टाइल्सवर हळूहळू पाण्याची धार धरत होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मग ओली बोटं त्यांनी डोळ्यांना लावली.

मी काय म्हणाले ते आता आठवत नाही. मोठ्याने म्हणाले एवढं नक्की, कारण शेजारच्यांचं दार उघडून परत बंद झालं. सासूबाई दचकल्या. नंतर शांतपणे म्हणाल्या की, माणूस जिथे पडतं तिथे पाणी घालायचं असतं. नाहीतर ती जागा डूख धरते आणि परत पाडते. त्यांच्या गावी पोर पडलं की आई आधी त्या जागेवर पाणी घालते आणि मग पोराला उचलते.

मी म्हणाले, अहो, या पाण्यानेच तर माणसं पडताहेत.

त्यांना ते खरंच कळलं नाही. त्यांचं सगळं आयुष्य अनवाणी गेलं. सुरतेत येऊनही त्या जिन्यात चप्पल घालत नाहीत, त्यामुळे त्यांचा पाय त्या टाइल्सवर कधी सरकलाच नव्हता. आणि त्यांच्या गावी पाणी घालायचं ते मातीच्या अंगणात. त्यांनी तळपाय त्या ओल्या टाइलवर फिरवला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, “हाई पेस नही का?”

ही फरशी पाणी पीत नाही का, असं त्या विचारत होत्या. मी नाही म्हणाले.

मला दया यायला हवी होती, पण आला तो रागच. शेजाऱ्यांचं मनगट, त्या बाईची पाठ, दोन प्लंबर, फोडलेली भिंत, विहीणबाईंचं गोड बोलणं, सगळं एकदम आठवलं. त्यातच माझ्या लक्षात आलं की हिशेब जुळत नाही. शेजारचे पडले तेव्हाच खाली ओलं होतं. म्हणजे त्यांच्या आधीपासून या पाणी घालत होत्या. आणि त्यांच्या आधी तर कुणी पडलंच नव्हतं. मग पाणी कशासाठी? मी विचारलं, “पहिलं कोण पडलं होतं आई?”

“तू.”

मी म्हणाले, मी कुठे पडले.

“दिवाईना पहिले,” त्या म्हणाल्या. “हातमा पेपरसना गठ्ठा व्हता. तू पडनी, उठनी, पेपर गोळा करात, साडी झटकी नि चालनी गई. मी दारमा व्हतू.”

तेव्हा आठवलं. सहामाहीचे पेपर. उशीर झाला होता, पाय मुरगळला, गुडघा टेकला आणि पेपर पसरले. कुणी बघितलं नाही याचंच मला बरं वाटलं होतं. गुडघा काळानिळा झाला होता, पण दिवाळीच्या गडबडीत मी घरात कुणाला बोलले नाही आणि नंतर विसरूनही गेले. पडले त्याचं मला स्वतःला काहीच वाटलं नव्हतं. आणि इथे त्यानंतर रोज, मी शाळेला गेले की, ही बाई तांब्या घेऊन या वळणावर येऊन बसत होती. कारण मी रोज याच जिन्याने उतरते, असं त्या म्हणाल्या. मला का सांगितलं नाही, हे विचारल्यावर म्हणाल्या, “तू हासशी म्हनीसन.”

मी हसले असते. अगदी नक्की हसले असते. वर दोन शब्द सुनावलेही असते.

मी पायरीवर बसले. इतकी वर्षं एका घरात राहून ज्या बाईने कधी ‘भाजी बरी झाली’ एवढंही म्हटलं नाही, ती माझ्यासाठी रोज गुडघे मोडून इथे बसते. आणि तिच्या या मायेपायी माणसांची हाडं मोडतात. यात मी कशाला कशाच्या वर ठेवू? गळ्यात पडावं तर शेजाऱ्यांचं प्लास्टर डोळ्यांसमोर येत होतं, आणि ओरडावं तर त्यांच्या हातातला तांब्या. शेवटी मी माझ्या पदराने ती जागा पुसायला लागले. सासूबाई म्हणाल्या की पदर कशाला, आत फडकं आहे.

प्रमुखांना सांगणं भाग होतं. मी जमेल तेवढ्या गुजरातीत सांगितलं. ते इतके हसले की त्यांना खोकला आला. म्हणाले, “मारी बा पण रेडती’ती.” त्यांची आईही असंच पाणी ओतायची. त्यांच्या गावीही अंगण मातीचंच होतं. ते हसले म्हणून मला हलकं वाटावं, तर तेही वाटलं नाही.

शेजाऱ्यांकडे सासूबाई स्वतःच निघाल्या. मी नको म्हणत होते. त्यांनी दारात उभं राहून सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्या गृहस्थांचं प्लास्टर निघालं होतं, पण मूठ अजून वळत नव्हती. त्यांना अहिराणी निम्मीच कळली, उरलेलं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, मी पडल्यावर माझ्यासाठीही घातलंत का पाणी? सासूबाई म्हणाल्या, घातलं ना, तेव्हापासून दुप्पट घालते. ते आपल्या मनगटाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, चहा घ्या. आम्ही घेतला.

मग त्या गुळगुळीत टाइल्स काढून पुन्हा कोटा बसवला. ते काम एका दुपारीत झालं. सगळा हिवाळा भिंती उकरण्यापेक्षा हे आधी का केलं नाही, असं प्रमुखांनी मला विचारलं. खरं तर हे कुणालाच सुचलं नव्हतं, पण ‘टीचर’ मी होते.

सासूबाई घरात हरवल्यासारख्या वागायला लागल्या. तांब्या घेऊन निघत, वळणावर थांबत, आणि तसाच तुळशीपाशी नेऊन रिता करत. एकदा त्यांनी मला विचारलं की, आता मी काय करू? पाणी घालू नको म्हणतेस, मग काय करू? मी त्यांना कठडा, उजेड, कोटा दगड असं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पण हे सगळं इमारतीने केलं होतं. आपण स्वतः काय करायचं, असं त्या विचारत होत्या. मी नुसतीच ‘बघू’ म्हणाले.

आखाजीच्या आदल्या दिवशी लेक आली. जावई गाडी लावायला थांबले. मी तिला धरून जिना चढू लागले. ती दोन पायऱ्या चढायची आणि श्वास घ्यायला थांबायची. माझ्या खांद्याला तिची बॅग, एक हात तिच्या कमरेला, आणि जीव सगळा तिच्या पावलांत. नव्या फरशीचं वळण आलं. वर आमच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसल्यासारखं दिसत होतं.

“जपीसन ये वं,” त्या वरून म्हणाल्या.

“हो आजी, जपूनच येतेय,” लेक धापा टाकत म्हणाली.

“तुले नही,” सासूबाई म्हणाल्या. “तुन्ही मायले सांगस.”

लेक हसली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली. मला पुढची पायरी दिसेनाशी झाली. मी कठडा धरला आणि थोडा वेळ तिथेच उभी राहिले.